मलिक अंबरचं चित्र कोणी काढलं?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मी एका चित्राविषयी बोलणार आहे. अडचण एवढीच की रेडिओवर चित्र दाखवता येत नाही. तेव्हा आधी ते शब्दांत सांगतो. एक माणूस उभा आहे. चेहरा एका बाजूने दिसतो, म्हणजे मोगल चित्रकलेत ज्याला एकचश्मी म्हणतात तसा. रंग काळा. अंगात पांढरा जामा, कमरेला पटका, सोबत तलवार. वय झालेलं आहे, अंग भरलेलं आहे, पण पाठीला बाक नाही. आजूबाजूला ना दरबार, ना घोडा, ना नोकरचाकर. हा माणूस म्हणजे मलिक अंबर. ज्या शहराच्या कडेला, चिकलठाण्यात, मी राहतो, ते शहर १६१० साली खडकी नावाच्या खेड्याच्या जागी वसवणारा.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. या चित्राच्या मागे लागलो तो एका प्रश्नामुळे, आणि तो प्रश्न माझ्या वडिलांचा होता.

अब्बा गवंडी होते. चिकलठाण्याला कारखाने उभे राहत होते त्या काळात इथल्या कितीतरी भिंतींना त्यांची थापी लागली. रंगाने ते चांगलेच काळे होते. साइटवर त्यांना त्यांच्या नावाने कोणी हाक मारत नसे. 'ए हपशी, पाटी इकडे घे,' 'हपशीला विचारा, ओळंबा कुठं ठेवलाय.' मी लहान असताना डबा घेऊन जायचो तेव्हा हे ऐकायचो. अब्बा ओ द्यायचे. चाळीस वर्षं त्यांनी त्या हाकेला ओ दिली. घरी आल्यावर कधी तक्रार केली नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. आपल्या भाषेत हबशी किंवा हपशी हा शब्द कसा वापरतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. कोणी अधाशासारखं खाल्लं, कोणी दांडगट दिसला, कोणी काळा असला, की हा शब्द तोंडात येतो. मुळात हबश म्हणजे अॅबिसिनिया, आजचा इथिओपिया. हबशी म्हणजे त्या देशाचा माणूस. एवढाच त्याचा अर्थ.

साधारण २००६ सालची गोष्ट. जवळच्या एका शाळेने स्मरणिका काढायचं ठरवलं आणि मला शहरावर कविता मागितली. मी मलिक अंबरवर लिहिली. स्मरणिका छापून आली, तेव्हा कवितेशेजारी हे चित्र होतं. खाली ना नाव, ना साल, ना चित्रकार. अंक मी अब्बांच्या हातात दिला. त्यांना मराठी वाचायला वेळ लागायचा, म्हणून ते आधी चित्रच पाहत बसले. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून पाहिलं. मग म्हणाले, "ये किसने उतारा रे? दोस्तने के दुश्मनने?"

हे चित्र कोणी काढलं? मित्राने की शत्रूने? मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर कविता लिहिताना हा प्रश्न माझ्या मनातच आला नव्हता.

मी छापखान्यात गेलो. तिथल्या माणसाने सांगितलं की एका जुन्या मार्गदर्शक पुस्तिकेतून फोटो काढून घेतला. पुस्तिका मिळवली, तर तिच्यात 'मोगल शैली' एवढाच उल्लेख. म्हणजे निम्मं उत्तर तिथंच मिळालं होतं, पण माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मोगल म्हणजे अंबरचे जन्माचे वैरी. मग त्यांच्या चित्रकाराने याला का काढावं, आणि तेही इतक्या रुबाबात?

इथे मलिक अंबर कोण होता ते थोडक्यात सांगायला हवं. आपल्याकडे त्याचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण कहाणी थोड्यांनाच माहीत असते. त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. हातबदल होत तो बगदादच्या मीर कासिम या व्यापाऱ्याकडे आला, आणि त्याने त्याला अंबर हे नाव दिलं. अंबर हे एक सुगंधी द्रव्य. गुलामांना अशी सुगंधांची नावं देण्याची रीत होती. पुढे दख्खनमध्ये अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेजखान स्वतः एकेकाळचा हबशी गुलामच. तो मेल्यावर अंबर मोकळा झाला, काही काळ विजापूरकडे राहिला आणि पुन्हा अहमदनगरला आला. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असं सगळ्यांना वाटलं. तेव्हा अंबरने राजघराण्यातला एक मुलगा, दुसरा मुर्तजा, तख्तावर बसवला आणि पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं त्या राज्याचा कारभार आणि लढाया एकहाती चालवल्या. मराठा घोडेस्वारांना हाताशी धरून त्याने गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणलं. शहाजीराजे त्याच्या बाजूने १६२४ च्या भातवडीच्या लढाईत लढले. त्याची जमीनमहसुलाची पद्धत 'मलिकंबरी' या नावाने मराठी मुलखात पुढेही ओळखली जात राहिली. आणि या शहराला पाणी मिळावं म्हणून त्याने जमिनीखालून नहर खोदवली. अब्बा तरुणपणी एकदा त्या नहरीच्या भुयारात उतरले होते. आतलं बांधकाम पाहून ते म्हणायचे, "ज्याने हे बांधलं, त्याच्याकडे ओळंबा नीट धरणारी माणसं होती." त्यांच्या लेखी याहून मोठी तारीफ नव्हती.

आता चित्राकडे येतो. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी मला रिचर्ड ईटन यांचं दख्खनच्या सामाजिक इतिहासावरचं पुस्तक दाखवलं. ते २००५ साली प्रसिद्ध झालं. त्यात दख्खनमधल्या आठ व्यक्तींची चरित्रं आहेत आणि त्यांपैकी एक मलिक अंबरचं आहे. त्यातून धागा मिळाला. पुढे मुलीने संगणकावर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाची माहिती काढून दिली. आमच्या स्मरणिकेतलं चित्र तिथं होतं. चित्रकाराचं नाव हाशिम. काळ साधारण १६२० च्या पुढेमागे. म्हणजे चित्र निघालं तेव्हा अंबर हयात होता आणि सत्तरीच्या घरात होता.

हाशिम हा जहांगीर आणि शाहजहान यांच्या पदरी असलेला नावाजलेला चित्रकार. माणसांच्या तसबिरी काढण्यात त्याचा हात धरणारे थोडे होते. अभ्यासकांचं म्हणणं असं की मोगल दरबारात जाण्याआधी तो दख्खनमध्ये असावा. दख्खनच्या बड्या माणसांच्या त्याने काढलेल्या तसबिरी पाहिल्या की त्यांचं म्हणणं पटतं. ज्या खानखानान अब्दुर्रहीमला आपण रहीमच्या दोह्यांमुळे ओळखतो, त्याचीही तसबीर हाशिमने काढली आहे. हा रहीम कवी खरा, पण दख्खनमध्ये तो मोगलांचा सेनापती होता. १६०२ साली नांदेडजवळ रहीमचा मुलगा इरज आणि अंबर यांची लढाई झाली, तीत अंबर जखमी झाला, आणि त्यानंतर रहीम आणि अंबर यांच्यात तह झाला. एक हिंदी कवी आणि एक इथिओपियाचा गुलाम, दोघे आपल्या मराठवाड्यात समोरासमोर. आणि पुढे दोघांचीही तसबीर एकाच हाताने काढलेली.

हे मी अब्बांना येऊन सांगितलं. म्हटलं, "दुश्मनाच्या चित्रकाराने काढलंय." ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग खरं असणार. मित्र वाढवून सांगतो. दुश्मन फुकटचा रुबाब कशाला देईल?"

मला वाटलं, शोध संपला. पण तो खरा सुरू झाला तो त्यानंतर.

हाशिमचं हे चित्र सुटं नव्हतं. ते एका मुरक्क्यातलं होतं. मुरक्का म्हणजे बादशहांसाठी बांधलेला चित्रांचा आणि सुलेखनाचा संग्रह. आपण कुटुंबाचा अल्बम ठेवतो तसा, फक्त बादशाही. हा संग्रह पुढे ब्रिटनमध्ये मिंटो या उमराव घराण्याकडे होता, म्हणून त्याला मिंटो अल्बम म्हणतात. १९२५ साली लंडनमध्ये त्याचा लिलाव झाला. सुमारे चाळीस पानं होती. ती दोघांनी वाटून घेतली. निम्मी लंडनच्या संग्रहालयाने घेतली आणि उरलेली चेस्टर बीटी नावाच्या धनिक संग्राहकाने. बीटी १९५० साली आयर्लंडमध्ये डब्लिनला राहायला गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचा संग्रहही गेला.

डब्लिनला गेलेल्या पानांत अंबरचं दुसरं चित्र आहे.

ते मी पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही. चित्रात बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. गोल बैलाच्या पाठीवर, बैल माशाच्या पाठीवर. बादशहाच्या मस्तकामागे तेजोवलय. हातात धनुष्य, बाण सुटलेला. आणि समोर एका भाल्याच्या टोकावर खोचलेलं मलिक अंबरचं कापलेलं मुंडकं. त्या मुंडक्यावर घुबड. आजूबाजूला फारसीत बारीक अक्षरांत ओळी आहेत. रात्रीच्या रंगाच्या या माणसाचं डोकं आता घुबडाचं घर झालं आहे, अशा अर्थाच्या. चित्रकार अबुल हसन, जहांगीरचा सर्वांत लाडका चित्रकार. काळ १६१६ च्या सुमाराचा.

आता यातलं खरं काय ते पाहा. जहांगीरने अंबरला आयुष्यात कधी पाहिलं नाही. अंबरचं डोकं कोणी कापलं नाही. १६१६ साली मोगल फौज बाळापूरकडून आली, रोशनगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला, आणि मोगलांनी खडकी जाळली, हे खरं. चिकलठाणा जालन्याच्या वाटेवर आहे. संध्याकाळी त्या रस्त्याला उभा राहिलो की कधीकधी मनात येतं, तो धूर इथून दिसला असेल. पण अंबर त्यांच्या हाती लागला नाही. त्याने शहर पुन्हा उभं केलं, भातवडीला मोगल आणि विजापूर या दोघांच्या फौजांचा मिळून पराभव केला, आणि १६२६ साली, वयाच्या ऐंशीच्या घरात, आपल्या मरणाने मेला. खुलताबादला त्याची कबर आहे. त्यानंतर दीडेक वर्षाने जहांगीरही गेला. म्हणजे अबुल हसनने बादशहाला जे जिंकता आलं नाही ते कागदावर जिंकून दिलं होतं.

जहांगीरच्या आत्मचरित्रातही अंबरचं नाव आलं की बहुतेक वेळा त्याच्या रंगावरून शिवी येते. काळ्या तोंडाचा, काळ्या नशिबाचा. बादशहाची पदवी नूरुद्दीन, म्हणजे धर्माचा प्रकाश. मग शत्रूला अंधार म्हणणं, त्याच्या डोक्यावर घुबड बसवणं ओघानेच आलं. ज्याला हरवता येत नाही त्याच्या कातडीवर बोट ठेवायचं. ही गोष्ट मला वाचून कळायची गरज नव्हती. मी ती डब्याच्या वेळेला साइटवर ऐकली होती.

पण त्या चित्रात आणखी एक गोष्ट होती, आणि तिने मला माझ्या मूळ प्रश्नाकडे परत आणलं. भाल्यावरचा तो चेहरा नुसता कुठल्याही काळ्या माणसाचा चेहरा नाही. कपाळ, नाक, जिवणी, हनुवटी, सगळं हाशिमच्या तसबिरीशी मिळतंजुळतं आहे. दोन चित्रकार, दोन हेतू, मधे काही वर्षं, आणि चेहरा एकच. याचा अर्थ मोगल दरबारात अंबर दिसतो कसा हे ठाऊक होतं.

हे कसं शक्य होतं? मोगलांकडे तसबिरींची शिस्त होती. अकबराने आपल्या उमरावांच्या तसबिरी काढवून घेऊन त्यांचा मोठा संग्रह केला होता, हे अबुल फजलने नोंदवून ठेवलं आहे. जहांगीर तर त्याच्याही पुढे गेला. १६१३ साली त्याने इराणला वकील पाठवला तेव्हा त्याच्याबरोबर बिशनदास या चित्रकाराला धाडलं, ते शाह अब्बासचा चेहरा हुबेहूब उतरवून आणण्यासाठी. शत्रू असो की मित्र, ज्याच्याशी व्यवहार करायचा त्याचा चेहरा आपल्या दप्तरी असला पाहिजे. आज पासपोर्टवर फोटो लागतो, तसंच काहीसं. अंबरकडे मोगलांचे वकील जात-येत होते, तह होत होते, मोडत होते. मोगलांच्या छावणीतल्या कितीतरी माणसांनी त्याला जवळून पाहिलेलं होतं.

आणि एक साक्षीदार असा आहे जो ना अंबरचा मित्र, ना मोगलांचा नोकर. पीटर व्हान डेन ब्रुके नावाचा डच व्यापारी. १६१७ साली सुरतेजवळ त्याची जहाजं फुटली, म्हणून तो खुष्कीच्या मार्गाने मच्छलीपट्टणकडे निघाला. वाटेत तो अंबरच्या छावणीत आला आणि त्याला भेटला. त्याने लिहून ठेवलंय की हा माणूस उंच, मजबूत बांध्याचा, करारी चेहऱ्याचा आहे. चेहरेपट्टी त्याला जुन्या रोमन पुतळ्यांसारखी वाटली. डोळे मात्र त्याला शोभत नाहीत, असंही तो प्रामाणिकपणे लिहितो. अंबरच्या राज्यात चोख बंदोबस्त आहे आणि लोक त्याला मानतात, हेही त्याने नोंदवलं. गंमत अशी की पुढे या व्यापाऱ्याचीही तसबीर निघाली, हॉलंडमधल्या फ्रान्स हाल्स या थोर चित्रकाराच्या हातून, आणि ती आज लंडनमध्येच आहे. ज्याने अंबरला शब्दांत उतरवलं त्याचा चेहरा आणि खुद्द अंबरचा चेहरा, दोन्ही आज एकाच शहरात, वेगवेगळ्या भिंतींवर आणि कपाटांत.

मी हाशिमची तसबीर आणि डच व्यापाऱ्याचं वर्णन शेजारी ठेवून पाहिलं. जुळतं. उंची, बांधा, करारीपणा, सगळं. अब्बांचा तर्क बरोबर होता.

मग राहिला प्रश्न, मोगलांनी ही तसबीर अशा मानाने संग्रहात का ठेवली? मिंटो अल्बममधल्या पानांच्या कडेला शाहजहानच्या काळात फुलांच्या सुंदर किनारी काढल्या गेल्या. आणि शाहजहानचं अंबरशी नातं बापाइतकं सरळ नव्हतं. शाहजादा असताना त्याने दख्खनमध्ये येऊन अंबरला दोनदा तहाला भाग पाडलं होतं. पुढे बापाविरुद्ध बंड केलं, सगळीकडून दारं बंद झाली, तेव्हा हाच शाहजादा दख्खनमध्ये अंबरच्या आसऱ्याला आला. अंबरने त्याला मदत केली. ज्याच्या दारात आपण पडत्या काळात गेलो, त्याची तसबीर किनार लावून जपावी असं त्याला वाटलं असेल का? हा माझा, एका कवीचा अंदाज. पण एकाच अल्बममध्ये एका पानावर तो माणूस उभा आहे आणि दुसऱ्या पानावर त्याचं मुंडकं भाल्यावर आहे, हा अंदाज नव्हे. तो अल्बम बादशहाने चाळला असेल तेव्हा दोन्ही पानं त्याच्या हाताखालून गेली असतील.

श्रोतेहो, असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत सेमिनोल नावाचे आदिवासी होते. त्यांच्यात गुलामीतून पळून आलेले आफ्रिकी लोकही मिसळून राहत. त्यांचा नेता ओसिओला अमेरिकी फौजेशी लढला. १८३७ साली त्याला वाटाघाटीसाठी बोलावलं आणि पांढरं निशाण असताना पकडलं. तो कैदेत असताना जानेवारी १८३८ मध्ये जॉर्ज कॅटलिन या चित्रकाराने त्याची तसबीर काढली. ओसिओला त्यासाठी तयार होऊन बसला. त्याच महिन्याच्या ३० तारखेला तो कैदेतच मेला. आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने त्याचं मस्तक धडापासून काढून स्वतःकडे ठेवलं. शत्रूच्या माणसाने काढलेली ती तसबीर आज तिकडे अभिमानाने छापतात. ती पाहताना मला अंबर आठवतो. अंबरचं मुंडकं निदान कागदावरच राहिलं.

आपल्या महाराष्ट्रालाही चेहऱ्यांचा असा एक धडा मिळालेला आहे. शिवाजी महाराजांचं म्हणून कित्येक वर्षं जे चित्र छापलं जात होतं, ते दुसऱ्याच एका मुसलमान सरदाराचं होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी जुनी कागदपत्रं आणि डच ग्रंथ धुंडाळून महाराजांचं विश्वसनीय चित्र शोधून काढलं आणि १९३३ साली ते लोकांपुढे आणलं. बेंद्र्यांनी काय केलं? अब्बांनी विचारला तोच प्रश्न विचारला. हे कोणी काढलं, कधी काढलं, त्याने माणसाला पाहिलं होतं का? चित्राखाली नाव छापून आलं म्हणून ते चित्र त्या माणसाचं होत नाही.

आता माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगतो. डब्लिनचं चित्र मी अब्बांना दाखवलं नाही. मुलीने त्याची प्रत काढून आणली होती. ती मी वहीत घालून कपाटात ठेवली. अब्बा अधूनमधून विचारायचे, "तुझ्या अंबरचं आणखी काही मिळालं का?" मी म्हणायचो, "नाही." स्मरणिकेतलं पान त्यांनी कापून पलंगाजवळच्या भिंतीला चिकटवलं होतं. नातवंडांना दाखवायचे. "हबशी होता," म्हणायचे, "पाहा कसा उभा आहे. ओळंब्यात." हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच मी शिवीसारखा नाही तर गावाच्या नावासारखा ऐकला. त्यांच्या हातात ते मुंडकं कसं देणार होतो मी? २०१२ साली ते गेले. भिंतीवरचं पान अजून आहे, कडा पिवळ्या पडल्यात.

मी बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चाळीस वर्षं ज्यांनी ती हाक पचवली, त्यांना एका कागदाने काय झालं असतं, असंही वाटतं. कदाचित ते त्या चित्राकडे पाहून माझ्यापेक्षा शहाणपणाचं काही बोलले असते. मी त्यांना ती संधी दिली नाही. आपल्याला वाटतं आपण माणसाला जपतोय, आणि खरं तर आपण स्वतःलाच जपत असतो.

गेल्या वर्षी नातीच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. शहराच्या इतिहासावर नाटुकलं बसवलेलं. नात सावळी आहे, म्हणून तिला मलिक अंबर केलं होतं. घरी येऊन रडली. मी तिला भिंतीवरचं चित्र दाखवलं. तिला ते रोजच्या पाहण्यातलं, त्यामुळे फार फरक पडला नाही. मग मी कपाट उघडलं आणि दुसरंही दाखवलं. या वेळी लपवलं नाही. सगळं सांगितलं. बादशहा कोण, घुबड का, आणि त्या चित्रातलं काहीच कसं घडलं नाही. ती बराच वेळ पाहत राहिली. मग विचारलं, "म्हणजे बादशहा ह्याला घाबरत होता?"

मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

"घाबरत असणार. नाहीतर एवढं मोठं चित्र कशाला काढायला लावलं?"

दुसऱ्या रविवारी आम्ही दोघं खुलताबादला गेलो. अंबरने आपल्या हयातीतच बांधून ठेवलेली ती कबर. आत चित्र नाही, असायचं कारण नाही. येताना तिला भडकल दरवाजा दाखवला. १६१२ साली मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून अंबरने बांधलेला. त्याच्या खालून रोज हजारो गाड्या जातात. या शहराचं नाव खडकीचं फतेहनगर झालं, फतेहनगरचं औरंगाबाद झालं, २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं. नावं बदलतात. दरवाजा उभा आहे, आणि लंडनच्या कपाटात तो माणूसही.

त्या शाळेची स्मरणिका पुन्हा निघणार आहे आणि तेच चित्र पुन्हा छापायचं म्हणतात. या वेळी मी संपादकांना चित्राखालच्या ओळी लिहून दिल्यात. मलिक अंबर. चित्रकार हाशिम, मोगल दरबार, साधारण १६२०. अंबरच्या हयातीत, त्याच्या शत्रूंच्या संग्रहासाठी काढलेलं.

अब्बांच्या प्रश्नाचं एवढं उत्तर छापून यायला वीस वर्षं लागली.